मागचं वर्ष गड्ड्याआधी, पुढचं गड्ड्यानंतर: वर्षाचा हिशेब मांडून ध्येयं कशी ठरवावीत

एकतीस डिसेंबरच्या रात्री केलेला संकल्प तिळगूळ वाटेपर्यंतही टिकत नाही आणि त्याचं खापर आपण आपल्या आळसावर फोडून मोकळे होतो. आळस असेलही थोडा, पण खरी गोची वेगळीच आहे. मागच्या वर्षाचा हिशेब न मांडताच पुढच्याची कलमं लिहिली जातात. सोलापूरच्या चाटी गल्लीतला कुठलाही दुकानदार जुन्या वहीतली शिल्लक ओढल्याशिवाय नव्या वहीत व्यवहार लिहीत नाही. आपण मात्र कोऱ्या पानावर थेट लिहितो, 'उद्यापासून पहाटे पाचला उठणार'. गेल्या वर्षी पाचला किती दिवस उठलो, कोणत्या महिन्यात उठणं बंद पडलं आणि का, हे बघायचं राहूनच जातं.

सोलापूरकरांना यासाठी एक सोय आयतीच आहे. १ जानेवारीनंतर दोन आठवड्यांत सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा, येते. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम असा तो आठवडा जातो. घरात पाहुणे, पोरांना गड्ड्यावरच्या पाळण्यांचं वेड, गावातले निम्मे रस्ते वळवलेले. या दिवसांत नवीन काही नियमाने सुरू करायला जाणं म्हणजे हट्ट झाला. म्हणून माझं सांगणं असं की १ जानेवारीला संकल्प करूच नका. ते दोन आठवडे मागे वळून बघण्याला द्या आणि यात्रा उरकली की पुढचं ठरवा.

यासाठी एक दोनशे पानी वही लागेल, दोन रंगांची पेनं आणि तीन बैठका. प्रत्येक बैठक दीड-दोन तासांची. मोबाइलमध्येही करता येईल, पण महिना उलटला की मोबाइलमधली नोंद कोणी उघडत नाही. वही निदान डोळ्यांसमोर पडलेली असते.

बैठका कधी ठेवायच्या

पहिली बैठक १ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी, दुसरी भोगीच्या आधी, तिसरी यात्रेचा आठवडा संपल्यावर. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवू नका. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात त्या दिवशी डोकं टाकी, बॅरल आणि मोटारीतच असतं.

तारीख हुकली तरी बिघडत नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष किंवा वाढदिवस यांच्यानंतर माणसं व्यायामशाळेत जास्त जातात, ध्येयांकडे जास्त वळतात. म्हणजे सुरुवातीला बळ हवं असेल तर तारीख 'नवी' वाटणं पुरेसं आहे; ती १ जानेवारीच असली पाहिजे असं नाही. आपल्याकडे तर गुढीपाडवा आहे, १ एप्रिल आहे, दिवाळीचा पाडवा आहे.

पहिली बैठक: आठवू नका, पुरावे काढा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. पुढची ध्येयं फसतात ती बहुतेक इथेच कंटाळा केल्यामुळे.

'वर्ष कसं गेलं?' असं नुसतं विचारलं तर मन शेवटच्या दीड-दोन महिन्यांवरून उत्तर देतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. एखादा अनुभव आठवताना माणूस त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांना जास्त वजन देतो. तो किती काळ चालला याला फारसं देत नाही. डिसेंबरात घरात आजारपण झालं असेल तर सगळं वर्षच वाईट गेल्यासारखं वाटतं आणि जून ते सप्टेंबर शांतपणे झालेलं काम आठवतच नाही.

म्हणून कागद समोर घ्या. पहिला मान भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयाचा. ते रद्दीत गेलं नसेल तर नशीब समजा. आपल्या घरांमध्ये दिनदर्शिका ही न कळत लिहिलेली रोजनिशी असते. मे महिन्याचं एखादं पान बघा: ४ तारखेवर निळ्या पेनने 'टाकी'. ७, ११, १६ या तारखांच्या कोपऱ्यात 'पाणी'. दुधाच्या चौकटीत आठवडाभर 'अर्धा जास्त'. १९ ला 'आत्या, केगाव'. २३ ला 'बीपी, सकाळी उपाशी'. २८ ला फक्त एक फुली, ती कशाची कोणालाच आठवत नाही. आता याचा अर्थ लावा. दूध जास्त म्हणजे पाहुणे. पाहुणे म्हणजे रात्री उशिरापर्यंत गप्पा आणि सकाळचं फिरणं बंद. ते फिरणं परत सुरू झालं कधी? पुढच्या पानांवर त्याची खूण नसेल तर उत्तर मिळालं.

कालनिर्णयाखेरीज आणखी काय काय काढायचं:

- बँकेचं पासबुक भरून आणा किंवा वर्षभराचं स्टेटमेंट उतरवून घ्या. यूपीआयच्या ॲपमधला इतिहासही बघा. पासबुकात नुसती रक्कम दिसते, ॲपमध्ये कोणाला दिली तेही दिसतं.
- मोबाइलची गॅलरी महिन्यामहिन्याने सरकवा. भावनिक व्हायला नाही, कुठे होतो आणि कोणासोबत होतो एवढं टिपायला. ज्यांचा एकही फोटो नाही अशी जवळची माणसंही इथेच लक्षात येतात.
- दवाखान्याची फाइल, रक्त-लघवीचे रिपोर्ट, चष्म्याचा नंबर.
- कामाचे कागद: पगाराच्या स्लिपा, ऑर्डरची वही, रजेच्या नोंदी, मुलांची प्रगतिपुस्तकं.
- मागच्या वर्षी काही संकल्प लिहिले असतील तर तो कागद. तोंडीच केले असतील तर घरातल्यांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा चांगले आठवतात.

आता वहीची बारा पानं घ्या आणि प्रत्येकावर एका महिन्याचं नाव टाका. कागदांत जे सापडेल ते त्या त्या पानावर एकेका ओळीत लिहा. अट एकच: फक्त घडलेलं लिहायचं, शेरा मारायचा नाही. 'जुलैत आळस केला' ही नोंद नव्हे. 'जुलैत दुकान रात्री दहाला बंद, जेवण अकराला, सकाळी आठला जाग' ही नोंद. आळस या शब्दावर काही उपाय करता येत नाही. अकराच्या जेवणावर करता येतो.

बारा पानं भरली की वही मिटा. त्याच दिवशी निष्कर्ष काढायला बसू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या.

दुसरी बैठक: जमा, खर्च, येणं, देणं

बारा पानं पुन्हा वाचा आणि त्यातून चार रकाने तयार करा. हिशेबाच्या वहीतलेच शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण 'यश' आणि 'अपयश' असे दोन रकाने केले की माणूस दुसरा रकानाच भरत बसतो.

जमा म्हणजे वर्षात पार पडलेलं आणि मिळालेलं सगळं. यात फक्त बढती आणि बक्षिसं येत नाहीत. मुलीची दहावी पार पडली, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्कूटीचा शेवटचा हप्ता गेला, भावाशी तुटलेलं बोलणं सुरू झालं, हे सगळं जमेला धरा. संसाराचं निम्मं काम आहे ते टिकवून ठेवण्याचं असतं आणि त्याची नोंद कोणीच करत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईने हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

खर्च म्हणजे पैसा तर आहेच, पण वेळ आणि जीवही. कशात गेला? त्यातलं काय वसूल झालं? लग्नसराईतल्या गावोगावच्या फेऱ्या, रात्रीच्या रील्स, एखाद्या कमिटीतलं न संपणारं भांडण. अंदाजे आकडा लिहा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये रोजचा स्क्रीन टाइम दिसतो. तो बघितला की बाकीचे अंदाज आपोआप खरे व्हायला लागतात.

येणं म्हणजे आपलं कोणाकडे काय अडकलंय. हातउसने दिलेले पैसे, जुन्या नोकरीचा न काढलेला पीएफ, अर्धवट राहिलेला टॅलीचा कोर्स, उरलेली रजा. हा रकाना नव्या वर्षात सगळ्यांत स्वस्तात फायदा देतो, कारण इथे कष्ट आधीच झालेले असतात, उरलेली असते ती फक्त वसुली.

देणं म्हणजे कर्ज, भिशीचे राहिलेले हप्ते, दिलेले शब्द. माणसांचं देणंही इथेच लिहा: 'मामांना भेटायला येतो म्हणालो, गेलो नाही.'

चारही रकान्यांतल्या ठळक पाच-सहा गोष्टींसमोर दुसऱ्या रंगाच्या पेनने तीन उत्तरं लिहा. हे कशामुळे झालं? त्यात माझ्या हातातलं किती होतं? हे यंदाही येणार आहे का? तिसरा प्रश्न लोक सोडून देतात, पण मला तोच सगळ्यांत कामाचा वाटतो. ऑपरेशन एकदाच होतं. लग्नसराई, शाळेची फी, एप्रिल-मेचं चाळिशीपार ऊन दरवर्षी येणारच. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला 'अचानक आलेली अडचण' म्हणणं यंदापासून बंद करा.

नवरा-बायको दोघंही करणार असाल तर रकाने आधी वेगवेगळे भरा, मग एकमेकांना वाचून दाखवा. एकत्र भरायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं वर्ष लिहिलं जातं. आणि वाचताना वाद घालू नका.

"अहो, खर्चात तुम्ही 'पाहुणे' लिहिलंय. ते माझ्या जमेत आहेत."

"मग दोन्हीकडे असू दे की."

असू दे. एकच गोष्ट दोन रकान्यांत येऊ शकते.

पैसा आणि तब्येत: या दोन पानांवर आकडेच हवेत

बाकी गोष्टी शब्दांत लिहिल्या तरी चालतात, या दोन नाही.

पैशाच्या पानावर चार ओळी पुरतात. वर्षात आलेले पैसे, गेलेले पैसे, आज एकूण कर्ज किती आणि आज हातात येण्यासारखी शिल्लक किती. कर्जाच्या ओळीत सोनंतारण आणि ओळखीच्यांकडून घेतलेले उसने विसरू नका. बँकेच्या कागदावर नसलेलं कर्जच रात्री झोप उडवतं. मग दोन कामं करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. एकीचा तरी काढा आणि आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसत नाही ना ते बघा. दुसरं, प्रत्येक खात्याला, एफडीला, विम्याला वारसाची नोंद आहे का ते तपासा. हे एका दुपारचं काम आहे, पण ते न केल्याचा त्रास मागे राहिलेल्यांना कितीतरी दिवस पुरतो.

पीपीएफ असेल तर एक बारकावा: महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. म्हणून हप्ता ५ तारखेच्या आत जाईल असं बघा. आणि पैशाची ध्येयं १ एप्रिल ते ३१ मार्च याच वर्षात मांडा, म्हणजे करबचतीची धावपळ मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर येत नाही.

तब्येतीच्या पानावर वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर. घरात मधुमेह असेल तर उपाशीपोटीच्या साखरेबरोबर एचबीएवनसी करून घ्या. त्यातून साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, तपासणीआधी आठवडाभर गोड सोडून तिला फसवता येत नाही. काही वावगं निघालं तर पुढचं डॉक्टर ठरवतील, ही वही नाही. व्यायामाचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने सोपा करून दिलाय: मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. जिमची वर्षाची फी भरायच्या आधी हे एवढं होतंय का, ते बघा.

तिसरी बैठक: आधी खोडा, मग लिहा

यात्रा झाली, पाहुणे गेले. आता नवं पान.

मनात आहे ते सगळं लिहून काढा. घर, नोकरी, इंग्रजी, गाडी, वजन, तुळजापूरला चालत जाणं, पेटी शिकणं. वीस-पंचवीस ओळी होतील. मग शेजारी दुसरं पान उघडून बारा महिन्यांच्या नोंदींवरून पाहा, की साध्या आठवड्यात तुमच्याकडे स्वतःचे म्हणून किती तास उरतात. नोकरी, घरकाम आणि पाणी धरून बहुतेकांचे पाच-सहा तासच निघतात. वीस ध्येयं त्यात बसणार नाहीत. तीन ठेवा: एक कामाचं किंवा पैशाचं, एक शरीराचं, एक मनाजोगतं. बाकीच्यांवर रेघ मारा, पण वाचता येईल अशी मारा.

आणि 'यंदा काय सोडणार' अशी एक ओळ हवीच. नवीन काम आत यायचं तर जुनं काहीतरी बाहेर गेलं पाहिजे. तीनपैकी दोन भिशा, चारपैकी एक व्हॉट्सॲप ग्रुप, दर रविवारची ती एक चक्कर. सोडायचं काहीच सापडत नसेल तर तीनची ध्येयं दोन करा.

आता वाक्य कसं लिहायचं. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलं. 'जमेल तेवढं कर' असं सांगितलेल्यांपेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय घेतलेल्यांचं काम जास्त चांगलं होतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यामुळे 'वाढवायचं', 'सुधारायचं', 'लक्ष द्यायचं' ही क्रियापदं दिसली की समजा वाक्य अजून कच्चं आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा एक ताई घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. पहिलं वाक्य येतं: 'यंदा धंदा वाढवायचा.' ऑर्डरच्या वहीवरून दिसतं, की महिन्याला साधारण ४०० भाकरी जातात. दिवाळीत आणि मे महिन्यात, पुण्या-मुंबईचे लोक परत जाताना, दुप्पट. पावसाळ्यात निम्म्या, कारण दमट हवेत भाकरी लवकर सादळते. म्हणजे वर्षभर सारखा वेग धरण्यात अर्थ नाही. दुसरा अडसर पाणी: नळाच्या दिवशी सकाळचे दोन तास जातात. तिसरा, पुण्यातली दोन दुकानं माल घ्यायला तयार होती, पण त्यांना अन्न परवान्याचा नंबर असलेलं लेबल हवं होतं.

मग ध्येय असं होतं: '३१ मार्चपर्यंत एफएसएसएआयची नोंदणी आणि लेबल पूर्ण. एप्रिल-मेमध्ये महिन्याला ९०० भाकरी. जून ते सप्टेंबर भाकरी ३००, त्याऐवजी चटणीवर भर. दिवाळीत पुन्हा ९००.' यात हातातलं काय आणि नशिबाचं काय हे वेगळं करायला हवं. ९०० विकल्या जाणं पूर्णपणे ताईंच्या हातात नाही. रोज ४० भाकरी करणं आणि आठवड्याला दोन दुकानांना फोन करणं आहे. म्हणून वहीत वर निकाल लिहायचा आणि खाली कृती. महिनाअखेरीला आधी कृती तपासायची, निकाल नंतर.

'जर-तर'ची ओळ

पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली ही युक्ती इतकी साधी आहे की लोक तिला किंमत देत नाहीत. 'मी हे करेन' एवढं न लिहिता 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं लिहायचं. वेळ आणि जागा आधीच बांधून ठेवली की ऐनवेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

वरच्या ताईंची ओळ अशी होईल: 'रात्रीची भांडी आवरली की लगेच उद्याचं ज्वारीचं पीठ मोजून ठेवेन.' आणि अडचणीसाठी वेगळी ओळ: 'नळ आला तर त्या दिवशी भाकरी नाही, फक्त शेंगा भाजून सोलून ठेवेन.' यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्याची: 'दिवसपाळी असेल तर सुटल्यावर घरी येताना शेवटचं अंतर चालत, रातपाळी असेल तर झोपून उठल्यावर चहाआधी अर्धा तास.' स्पर्धा परीक्षेच्या मुलाची: 'अभ्यासिकेत बसलो की आधी मोबाइल बंद करून बॅगेत, मग पुस्तक.'

प्रत्येक ध्येयाला अशा दोन ओळी, एक रोजची आणि एक आडवी येणाऱ्या गोष्टीची.

सोलापूरच्या वर्षावर ध्येय बसवा

वर्षाचे बारा सारखे तुकडे करून त्यात काम वाटणं कागदावर छान दिसतं. पण आपलं वर्ष तसं नसतं. जानेवारीत यात्रा आणि हुरडा, फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षा, एप्रिल-मे ऊन, पाहुणे आणि लग्नं, जूनमध्ये शाळा, मग आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी. नव्या कालनिर्णयावर पेन्सिलीने आधी हे 'गेलेले' दिवस रंगवा. उरलेल्या कोऱ्या चौकटी म्हणजे तुमचं खरं वर्ष. माझ्या मते इथे मोठं काम उरकायचे दोनच सलग पट्टे मिळतात: यात्रेनंतर मार्चअखेरपर्यंत, आणि जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत. सगळ्यांत जड काम या दोन पट्ट्यांत टाका, उन्हाळ्यात फक्त चालू ठेवण्यापुरतं ठेवा. कामाला किती वेळ लागेल याचा पहिला अंदाज माणूस जवळजवळ नेहमीच कमी धरतो, तेव्हा त्यात निम्म्याची भर घाला.

तारखेवरून मागे मोजत यायची पद्धत आपल्या गावाला नवी नाही. यात्रेतले उंच, जड नंदीध्वज पेलणारे भक्त यात्रेच्या दिवशी एकदम खांदा लावत नाहीत. त्यांचा सराव आधीच सुरू झालेला असतो. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचंही तसंच. अंतर साधारण ४५ किलोमीटर. दरवर्षी हजारो लोक रात्री निघतात आणि त्यातले बरेच पायाला फोड आणून घेतात. 'यंदा तुळजापूरला चालत' हे तुमचं शरीराचं ध्येय असेल तर कोजागरीपासून मागे या: शेवटचे दोन आठवडे विश्रांती आणि फक्त हलकं चालणं, त्याआधी एकदा २५ ते ३० किलोमीटर, तेही रात्री आणि तेच बूट घालून, श्रावणात दर रविवारी १५, जूनपासून रोज ४-५. बूट जुलैमध्ये घ्या, आदल्या दिवशी नाही. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर जूनमध्येच डॉक्टरांना विचारा. एवढं लिहिलं की इच्छेचं वेळापत्रक होतं.

सुरू केल्यावर

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं सगळीकडे सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. आणि माणसामाणसात, सवयीसवयीत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. २० जानेवारीला चालायला लागलात तर ६६ दिवस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरतात, म्हणजे नेमकं ऊन तापायला लागतं तेव्हा. म्हणून फिरण्याची वेळ आधीपासूनच उन्हाळ्यात निभेल अशी धरा. फेब्रुवारीत आठ वाजता कंबर तलावाकाठी छान वाटतं, एप्रिलमध्ये त्याच वेळी घाम फुटतो.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा खाडा झाला तर कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यासारखा गोल करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. सलग आठवडा गेला तर मात्र ध्येय सोडायचं नाही, लहान करायचं. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटं, पण वेळ तीच.

महिन्याची तपासणी एका पक्क्या दिवशी ठेवा. पगाराचा दिवस किंवा वीजबिल भरण्याचा दिवस चांगला, कारण तो आपोआप लक्षात राहतो. पंधरा मिनिटं, तीन प्रश्न: कृती किती दिवस झाली, काय आडवं आलं, पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट बदलायची. मोठी तपासणी वर्षातून तीनदा पुरे: गुढीपाडव्याला, आषाढीच्या सुमारास गजानन महाराजांची पालखी शहरातून गेली की, आणि दसऱ्याला. आषाढीच्या तपासणीत एखादं ध्येय बदललं किंवा काढून टाकलं तर त्यात कमीपणा नाही. जानेवारीत जे माहीत नव्हतं ते जुलैत कळलेलं असतं. फक्त काढताना शेजारी कारण लिहा. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या बैठकीत तीच ओळ कामाला येते.

ध्येय कोणाला सांगावं? स्टेटसवर टाकू नये असं माझं मत आहे. तिथे 'लय भारी बे' म्हणणारे पन्नास भेटतात आणि मार्चमध्ये विचारणारा एक नाही. त्यापेक्षा एकाच माणसाला सांगा, जो तोंडावर 'काय बे, बंद पडलं का?' म्हणेल आणि ज्याचा तुम्हाला राग येणार नाही. मैत्रीण, मेहुणा, बचत गटातली एखादी काकू, कोणीही. महिन्याच्या तपासणीचा फोटो त्याला पाठवायचा, एवढंच.

एवढा वेळच नसेल तर

लहान मूल आहे, दोन नोकऱ्या आहेत, घरात आजारी माणूस आहे, अशांनी तीन बैठकांचा घाट घालू नये. एक तास काढा. वीस मिनिटांत कालनिर्णयाची बारा पानं उलटून प्रत्येक महिन्याची एकच ओळ लिहा. पंधरा मिनिटांत फक्त येणं आणि देणं हे दोन रकाने भरा. दहा मिनिटांत पैशाच्या चार ओळी. उरलेल्या पंधरा मिनिटांत एकच ध्येय आणि त्याची एक 'जर-तर'ची ओळ. ती नव्या कालनिर्णयाच्या फेब्रुवारीच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात लिहा. फेब्रुवारीचं पान पुढे आलं की ती मार्चवर उतरवा, आणि उतरवताना शब्द बदलावेसे वाटले तर बदला.